वाफ्यातला लसूण

“लसूण माह्या वाफ्यातला हाय, भाऊजी,” विजयमाला म्हणाली. “जळक्या पातीखाली होते नव्हते तेवढे सारे गड्डे या भाजीत टाकले.”

मारोतराव जागच्या जागी थांबले. समोर त्यांच्याच शेतात पंगत बसली होती. त्यांच्या लेकीचं, वैष्णवीचं साक्षगंध नुकतंच आटोपलं होतं. राजूरहून आलेली मुलाकडची माणसं गरम रोडगे वांग्याच्या भाजीत कुस्करत होती. पहिल्या रांगेत होणारे व्याही देवराव बसले होते. त्यांनी जेवायला सुरुवातही केली होती.

विजयमालानं पदरानं कपाळ पुसलं. या क्षणाची तिनं फार दिवस वाट पाहिली होती.

मारोतराव तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. दोघांची शेतं लागून. ट्रॅक्टर न्यायला त्यांना विजयमालाच्या विहिरीजवळून वाट हवी होती. तिथं तिचा लसूण होता, म्हणून ती नाही म्हणाली. बारीक गुलाबी पाकळ्यांचा गावरान लसूण. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं त्याचं ओंजळभर बी तिच्या हातात दिलं होतं. दिवाळी झाली की ती वाफ्यात उकिडवी बसायची आणि एकेक पाकळी टोक वर ठेवून मातीत खोचायची. थंडीत कोवळ्या पातीची चटणी व्हायची. काढणी झाली की चुलीच्या वर जुड्या लटकायच्या. त्यातलेच चांगले गड्डे पुढच्या सालाला बी म्हणून राहायचे. सासू गेली, पण तिचं बी चालू होतं.

माघातल्या एका सकाळी वाफ्यातून औषधाचा उग्र वास आला. मग पात पिवळी पडली आणि बघता बघता सारा वाफा होरपळल्यासारखा वाळला. कोणीतरी तणनाशक फवारलं होतं. तिनं ग्रामपंचायतीसमोर, चारचौघांत मारोतरावांना विचारलं. ते हसले.

“वाऱ्यानं आलं असन कुठून तरी. कोनं पाह्यलं काय?”

कोणी पाहिलं नव्हतं. नवरा म्हणाला, सोडून दे, भावकी हाय. तिनं सोडलं नाही. गोट्यांएवढे राहिलेले गड्डे तिनं मारोतरावांच्या डोळ्यांदेखत खणून टोपलीत भरले. वैष्णवीचं साक्षगंध ठरल्याचं कळलं, तशी ती आपणहून त्यांच्या दारात गेली. “भाजी मी करीन,” म्हणाली. तिच्या हातची वांग्याची भाजी गावाला माहीत होती. मारोतरावांना वाटलं, बाई नरमली.

आता तिला एवढंच हवं होतं. या माणसानं पंगतीसमोर ओरडावं. खाऊ नका म्हणावं. आणि का खाऊ नका, ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. पंपात औषध किती दाट कालवलं होतं हे त्यांनाच ठाऊक होतं. फवारणीचं विष चढून दवाखान्यात नेलेली माणसं तर साऱ्या गावानं पाहिली होती.

मारोतराव ओरडले नाहीत.

त्यांनी एकदा चुलीवरच्या भाजीच्या गंजाकडे पाहिलं, एकदा पंगतीकडे. तेवढ्यात देवरावांनी मान वर केली.

“भाजी लय झकास झाली बाप्पा! अजून येऊ द्या.”

मारोतराव पुढे झाले. वाढणाऱ्याच्या हातातलं तुपाचं भांडं त्यांनी घेतलं आणि वाकून व्याह्यांच्या पत्रावळीवर तुपाची धार धरली.

असं काही होईल, हे विजयमालानं धरलंच नव्हतं.

पलीकडे बायकांच्या रांगेत वैष्णवी नव्या शालूत, होणाऱ्या नणंदांच्या मधोमध बसली होती. सगळ्यांच्या आग्रहामुळे लाजून तिनं रोडगा फोडला, भाजीत बुडवला आणि घास तोंडाजवळ नेला.

“खाऊ नको!”

मारोतराव भांडं टाकून धावले. त्यांनी लेकीच्या हातावर फटका मारून घास उडवला. पत्रावळ लाथेनं दूर केली. “थुक! खाल्लं असन तर थुक, वैष्णवी!”

सगळी पंगत थांबली.

“त्या लसनात औषध हाय,” मारोतराव धापा टाकत म्हणाले. “तणनाशक.”

“तुमाले कसं माहीत, भाऊजी?” विजयमालानं विचारलं. तिला आवाज चढवावा लागला नाही.

“मीच मारलं होतं ना! तुह्या वाफ्यावर मीच फवारलं होतं!”

साऱ्या गावानं ऐकलं. विजयमालानं गंजातली पळीभर भाजी तळहातावर घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

“लसूण वणीच्या बाजारातला हाय,” ती म्हणाली. “माह्या वाफ्यातला एकही गड्डा याच्यात नाही. खा बिनघोर. कोणाले काई होत नाही.”

लोकांचा जीव भांड्यात पडला. कोणी हसलं, कोणी मारोतरावांकडे बोट दाखवून बोलू लागलं. ते तिथंच मातीत मटकन बसले. विजयमालाला हवं होतं ते सारं मिळालं होतं. वैष्णवी रिकामा हात मांडीवर ठेवून तिच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेला नजर देणं मात्र विजयमालाला जमलं नाही.

हळूहळू लोक पुन्हा जेवू लागले. देवराव जेवले नाहीत. ते खरकट्या हातानंच उठले आणि मारोतरावांसमोर येऊन उभे राहिले. मागोमाग त्यांचा मुलगाही उठला.

“पोरीच्या हातातला घास उडवला तुमी,” देवराव हळू आवाजात म्हणाले. “मले तूप काहून वाढलं?”