मुद्दाम केलेली चूक

गजबजलेल्या गल्लीतून शांत वसाहतीत आणल्यापासून आई मुलाला हाक मारतानाही नाव आठवत अडखळायला लागली. शेवटी तो तिच्या जुन्या, भांडखोर शेजारणीलाच घेऊन आला.

"हा पडला तेव्हा डावा हात मोडला होता ना गं?" मावशीने टेकता टेकता विचारलं.

आई ताडकन उठून बसली. "डावा? उजवा! आणि दवाखान्यात न्यायला सायकल मागितली, तर तू पंक्चर आहे म्हणालीस!"

संध्याकाळपर्यंत दोघींची नुसती जुंपली होती.

निघताना मावशी त्याच्या कानाशी लागली. "मी मुद्दाम चुकते रे. उद्या तुझ्या बायकोचं माहेर चुकीचं सांगते."

तो हसत आत आला, तर आईचा चेहरा उतरलेला.

"बिचारी फार विसरायला लागलीय रे. माझ्यामागे तिकडे भांडायला कोण आहे तिच्याशी? रोज आणत जा."