पापांचा सराव

"बाई, माझं पाप फारच छोटं आहे. बदलून द्या ना."

ओळीतली तिसरी मुलगी चिठ्ठी पुढे करून उभी होती. धर्मशिक्षणाच्या बाईंनी वाचली. 'मी भावाची पेन्सिल लपवली.'

"पुरे आहे तेवढं. आणि हा नुसता सराव आहे. तुझी खरी पापं शनिवारी फादरांना सांग."

"शनिवारपर्यंत आठवतील का, पण?"

"न आठवायला काय झालं? पापांची पलटण तयार असेल तुझी."

तिसरीच्या सव्वीस मुली शनिवारी पहिल्यांदाच पापस्वीकार करणार होत्या. सरावात कुणाचं खरं काही उघडं पडू नये, म्हणून बाईंनी सव्वीस चिठ्ठ्यांवर सव्वीस खोटी पापं लिहिली होती. एकेकीनं चॅपलमध्ये यायचं, लाकडी जाळीपाशी गुडघे टेकायचे आणि चिठ्ठीवरचं पाप सांगायचं. जाळीपलीकडे, फादरांच्या जागी, बाई. बाहेर दाराशी मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, ओळीतली ढकलाढकल आवरत उभ्या होत्या.

आत आलेली प्रत्येक मुलगी आधी वेदीकडे बघत होती. तिथल्या छोट्या पेटीत पवित्र भाकर असते, आणि ती आहे तोवर शेजारचा लाल काचेतला दिवा विझू द्यायचा नसतो. या आठवड्यात तो तीनदा विझला होता. तिन्ही वेळा सकाळच्या प्रार्थनेला अख्ख्या शाळेनं ते बघितलं.

दिव्याचं काम चॅपलच्या काकांचं. एकवीस वर्षं त्यांच्या हातून कधी चूक झाली नव्हती. "तेल काठोकाठ होतं, फादर," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. फादरांनी सोमवारपासून दुसरा माणूस सांगून ठेवला. कामाबरोबर चॅपलमागची खोलीही जाणार होती. काकूंनी भांडी बांधायला घेतली होती. मोठ्या सिस्टर फादरांना म्हणाल्या होत्या, "थोडं थांबू या." पण कशासाठी थांबायचं, ते काही त्यांना सांगता आलं नव्हतं.

चौदा पापं झाली. पंधराव्या मुलीचा आवाज बाईंनी लगेच ओळखला. ही प्रश्नपत्रिका. नाव बाईंनीच ठेवलेलं. देव एवढ्याशा पेटीत मावतो कसा, तो झोपतो कधी, आतून त्याला आपलं ऐकू येतं का, असं तिचं अखंड चालू असायचं.

जाळीतून फक्त तिच्या वेणीचं टोक दिसत होतं. ती अडखळत बोलली.

"मी चॅपलमधला दिवा विझवला. तीन वेळा. आत कोणी आहे का, ते मला बघायचं होतं. मी खूप वाट बघितली. कोणीच काही बोललं नाही."

बाईंच्या हातातली जपमाळ थांबली. असलं काही त्यांनी लिहिलं नव्हतं.

"देव रागावलेला नाही, बाळ," त्या कशाबशा म्हणाल्या. "जा, वेदीपुढे एक प्रार्थना म्हण."

उरलेल्या अकरा पापांकडे त्यांचं लक्षच लागेना. सगळ्या गेल्यावर चॅपल आवरताना दाराजवळच्या शेवटच्या बाकाखाली त्यांना एक घडी घातलेली चिठ्ठी सापडली. 'मी आजीशी खोटं बोलले.' हे एवढंच पाप आज कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पोरीनं चिठ्ठी टाकून दिली आणि मनातलं सांगितलं. तिची बस तर सगळ्यांच्या आधी येते. शाळा भरेपर्यंत ती एकटीच इकडेतिकडे फिरत असते.

बाई काही फादर नव्हत्या. जाळीत ऐकलेलं पोटात ठेवण्याचं बंधन त्यांना नव्हतं. तरी पोरीनं गुडघे टेकून सांगितलेलं चव्हाट्यावर कसं मांडायचं? आणि गप्प बसावं, तर काकांचा संसार रस्त्यावर. माळेचे दहा मणी होईपर्यंत त्या बसून राहिल्या. मग उठून ऑफिसात गेल्या.

"सिस्टर, दिवा काकांच्या हयगयीनं विझला नाही. कुणीतरी मुद्दाम विझवला. नाव मात्र विचारू नका."

मोठ्या सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. ते लागायला वेळ लागला.

"नाही विचारत. कशासाठी विझवला, ते सांगितलं का?"

"आत कोणी आहे का, ते बघायला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"देव रागावलेला नाही म्हटलं."

"हे तुम्हाला कसं ठाऊक, बाई?"

बाई गडबडल्या. "ठाऊक म्हणजे... ज्याला कुणीच नको असतं, तो कशाला वाट बघत बसेल, सिस्टर? मला तर ती प्रार्थनाच वाटली."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "काकूंना सांगा, भांडी सोडा म्हणावं. फादरांशी मी बोलते. आत्ताच."

त्या तशाच उठल्या आणि चष्मा टेबलावर विसरून गेल्या.

बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. आता एकच काम राहिलं होतं. मधल्या सुट्टीत त्यांनी प्रश्नपत्रिकेला नळापाशी गाठलं.

"माझ्याबरोबर चल. काकांची माफी मागायची."

"मी? कशाबद्दल?"

"दिवा विझवलास ना? घाबरू नकोस, मी कुणालाही तुझं नाव सांगितलेलं नाही."

"मी कुठे विझवला, बाई? चिठ्ठीत होतं ते वाचलं मी."

"तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. बाकाखाली पडली होती."

"सापडली?" पोरीचा चेहरा खुलला. "ती हरवली म्हणून मी रडत होते, तर मोठ्या सिस्टरांनी दाराशीच मला दुसरी लिहून दिली."