मेनूला हात लावू नकोस

"मेनूला हात लावू नकोस," एवढं सांगून नवरा सकाळी शाळेची बस घेऊन गेला. सांगितलं नसतं तर तिने कदाचित लावलाही नसता.

घरचा कॉम्प्युटर दोघांचा होता, पण कोपऱ्यातलं बटण दाबल्यावर प्रोग्रामांची जी लांबलचक रांग उघडायची, ती सगळी त्याची करणी. सगळ्यात वर गाण्यांचे तीन प्रोग्राम, मग दोन कॅलेंडरं, भंगारात गेलेल्या प्रिंटरचा एक, लेकीने शाळेत असताना चित्रं काढायला घेतलेला एक. लेक आता परगावी नोकरी करत होती, तरी तो तिथेच. कपाट उघडावं आणि अंगावर गाठोडी कोसळावीत तसा तो मेनू. ती ग्रंथपाल. दिवसभर पुस्तकं विषयवार लावायची आणि घरी येऊन हे बघायचं, म्हणजे डोक्याला ताप.

आज ग्रंथालयाला सुट्टी होती आणि ताप वेगळाच होता.

"पुरुष कॉम्प्युटरला हात लावू देत नाही म्हणजे काय ते समजून घे," ताई मघाशी फोनवर म्हणाली होती. थोरल्या बहिणीला सगळ्यांच्या संसारातलं आधीच समजलेलं असायचं.

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून तिने फोन ठेवला खरा, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता.

शंकेला जागा होतीच. गेले काही महिने तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. बोलताना तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचा. तिने केस आखूड कापून घेतले, याला पत्ताच नाही. रस्त्यात शेजारी हात करायचे आणि हा तसाच पुढे निघून जायचा. "साहेब हल्ली भाव खातात हं," शेजारीण ऐकवून गेली.

आणि मागच्या आठवड्यात त्याच्या मोबाइलवर एका बाईचा फोन आला. तो आंघोळीला गेला होता, म्हणून तिने घेतला.

"त्यांना परवा यायला सांगा. किती वेळा टाळणार?"

"कोण बोलतंय?" तिने विचारलं. मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं, आणि फोन कट झाला.

"बसच्या कामाचं होतं," तो नंतर म्हणाला. कानाकडे बघत.

तिने एकेक प्रोग्राम उघडून बघितला. बुद्धिबळाचा अर्धवट डाव, लेकीची जुनी चित्रं, गाणी आणि गाणी. कुठे फोटो नाही, कुठे गप्पा नाहीत. याने तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती आणखीच अस्वस्थ झाली. काही सापडत नाही म्हणजे नीट लपवलंय! उभा जन्म ज्याच्यासोबत काढला तो माणूस हातातून निसटतोय, या विचाराने तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा रागच जास्त येत होता.

रागात तिचे हात भराभर चालतात. तिने फोल्डर केले: कामाचं, खेळ, गाणी, फोटो, अडगळ. एकेक प्रोग्राम उचलून ज्याच्या त्याच्या जागी टाकला. मेनू एवढासा झाला.

मग ती उठली. पाणी प्यायली. परत आली आणि सगळ्यात वर आणखी एक फोल्डर केला. रिकामा. त्याला नाव दिलं: "ती बाई कोण". पुढे प्रश्नचिन्ह घालायला कॉम्प्युटर तयार होईना. न घालताही प्रश्न पोचणार होता.

तोंडाने विचारायचं धाडस तिला नव्हतं. वाचल्यावर त्याचा चेहरा काय सांगतो, तेवढं तिला बघायचं होतं.

दुपारी तो जेवायला आला. पानावर बसल्यावर ती म्हणाली, "अहो, मेनू आवरला मी."

त्याचा घास हातातच राहिला. "सगळा?"

"सगळा."

"अगं, कशाला? माझं सगळं जागच्या जागी होतं."

तो हात धुऊन तडक कॉम्प्युटरपाशी गेला. ती खुर्चीमागे उभी राहिली. त्याने बटण दाबलं, बाण सराईतपणे नेला, आणि खेळांच्या फोल्डरातलं बुद्धिबळ उघडलं. ते बंद केलं. पुन्हा दाबलं, तर प्रिंटर सापडत नसल्याची तक्रार सुरू झाली. त्याच्या मानेवर घाम आला होता.

शोधतोय, तिच्या मनात आलं. लपवलेलं शोधतोय.

"काय हवंय?"

"काही नाही. गाणी."

"मग बघा ना. नावं दिलीयत सगळ्याला."

बाण हळूहळू वर गेला आणि नेमका त्या पहिल्या फोल्डरवर थांबला. मागे उभं राहून, चष्म्याशिवाय, तिला अक्षर न् अक्षर दिसत होतं. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"छान आवरलंस गं," तो म्हणाला.

एवढा निगरगट्ट! तिला रडूच कोसळणार होतं.

"सगळ्यात वर काय लिहिलंय, वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा."

तो पुढे वाकला. नाक पडद्याला लागेल इतका वाकला, मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. कितीतरी वेळ तो तसाच होता. मग हसून सरळ झाला.

"गाणी," तो म्हणाला, आणि बसची किल्ली घेऊन उठला. "चल, निघतो. शाळा सुटली असेल, पोरं वाट बघत असतील."