हनुवटीचा प्रश्न

निकाल नऊला लागणार म्हणून हर्षलाने पार्लरचं शटर अर्धंच उघडलं होतं. सरकारी महायंत्र वर्षाला एकाच आजाराचा एकच प्रश्न सोडवायचं. यंदा पाळी पीसीओएसची, म्हणजे बायकांच्या चेहऱ्यावर केस आणणाऱ्या हार्मोन्सच्या आजाराची होती आणि प्रश्न रुग्णांच्या मतांनी ठरणार होता. हर्षलानेही एक प्रश्न पाठवला होता, पण मूल होण्याचाच प्रश्न जिंकणार, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते.

मतमोजणी केंद्रातून फोन आला. "ताई, तुमचाच प्रश्न पहिला! हनुवटीवरचे केस कायमचे कसे थांबवायचे? यंत्र आजच सुरू होतंय!"

हर्षला आनंदाने किंचाळली आणि लगेच ओशाळली. समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यापासून चोरून ती रोज पहाटे पाचला ब्लेड फिरवायची.

सासूबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. त्या चक्क हसत होत्या.

"मत मीपण दिलंय गं. तू पाचला उठतेस. मी चाळीस वर्षं चारला उठतेय."