टेबलावरचं हृदय

कृष्णाक्कांचं ऑपरेशन डॉक्टर त्यांच्या मुलाला समजावून सांगत होते. शेजारी बसलेल्या आक्कांनी टेबलावरचं प्लॅस्टिकचं हृदय उचललं आणि डबा उघडावा तसं उघडलं.

“यातलं माझं काय बिघडलंय हो?”

“आई, ठेव ते खाली. मी बोलतोय ना!” मुलगा वैतागला.

डॉक्टरांनी खुर्ची आक्कांकडे वळवली. “ही झडप, आजी. नीट उघडत नाही. बदलायचीय.”

आक्कांनी झडपेवरून बोट फिरवलं. “आणि नाही बदलली तर?”

मुलाने डोळ्यांनी खुणावलं, तरी डॉक्टरांनी सगळं सांगितलं. न बदलण्यातला धोका, आणि बदलण्यातलाही.

आक्कांनी हृदय जोडून जागेवर ठेवलं. “कळलं एकदाचं. आता विचार करून सांगते.”

“अगं, परवाची तारीख घेतलीय मी!”

“तू घेतलीस ना? मग ऑपरेशनच्या टेबलावर तूच झोप.”