अंगाई, नमुना नऊ

स्पीकरमधून म्हातारीचा आवाज सभागृहात पसरला, तेव्हा श्रीधर सरांनी डोळे मिटून टेबलावर बोटाने ताल धरला. समोरचे लोक माना डोलवू लागले. ही ऐमोल भाषेतली अंगाई, माझा नमुना नऊ, कित्येक वर्षांपूर्वी तिथल्या गावी जाऊन मी टेप केलेली, सर म्हणाले. मणिपुरातली कुकी-चिन कुळातली भाषा, बोलणारे जेमतेम काही हजार. शब्द तोच, पण सूर चढला की अर्थ वेगळा, उतरला की वेगळा. या सुरांवरच्या त्यांच्या पुस्तकाचं आज वर्ध्यात प्रकाशन होतं.

पहिल्या रांगेत नेइकिम बसली होती. सरांच्या एम.ए.च्या वर्गात ऐमोल बोलणारी ती एकटीच. चार शब्द म्हणून दाखव, लोकांना सूर कळतील, असं सांगून सरांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं.

ती माइकपाशी गेली. शब्द राहिले बाजूला. तिने हिंदीत सांगितलं, की ही अंगाई नाही, विलाप आहे. म्हातारी मेलेल्या मुलाला ऊठ म्हणते आहे. आणि मधे दोनदा म्हणते आहे, ते यंत्र बंद करा.

सर हसले. गावागणिक बोली बदलते, हिच्याकडे तसा अर्थ होत असेल, असं त्यांनी लोकांना समजावलं.

"माझ्याच गावची बोली आहे ती, सर," नेइकिम म्हणाली. "आणि तिचा एकही सूर चुकलेला नाही."

ती संतापली होती. कळत नव्हतं, तर कुणाला विचारायचं होतं. एका आईच्या रडण्यावर हा माणूस इतकी वर्षं ताल धरून बसला.

अध्यक्ष प्रभाकरराव अस्वस्थ झाले. त्यांनी वाकून सरांना काहीतरी विचारलं. सर हलक्या आवाजात वऱ्हाडीत बोलले. पोरीला हिंदीपलीकडे काही कळत नाही, अशी त्यांची खात्री होती.

"दुभाष्यानं मले तेव्हाच सांगतलं होतं. पण एवढे साफ सूर मले पुन्हा कुठं भेटले असते?"

नेइकिम दोन वर्षं तानाबाईंच्या घरी भाड्याने राहत होती. तानाबाई तिच्याशी वऱ्हाडीशिवाय बोलत नसत.

तिने माइक पुन्हा तोंडाशी धरला. या वेळी हिंदीत बोलली नाही.

"सर म्हणून राह्यले का, बुढीचं पोरगं मेलं हे त्यायले तेव्हाच मालूम होतं."