हवेतले थांबे

निम्म्या डोक्याला कलप लागला होता. निम्मं अजून पांढरं होतं. ड्रायव्हर गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळून, हलायचं नाही या अटीवर, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता. मागे बायको वाटी घेऊन उभी.

आठ वर्षांनी लेक येत होती. विमानतळाच्या दाराशी तिनं वळून पाहिलं होतं तेव्हा बाप काळ्याभोर केसांचा होता. त्याच दाराशी तसाच बाप तिला दिसायला हवा, एवढा एकच त्याचा हट्ट. पांढरं डोकं बघून पोरीच्या डोळ्यांत पाणी यायला नको. म्हणून व्हिडिओ कॉलवर बोलतानाही तो हल्ली टोपी चढवूनच बसायचा.

घाई कसलीच नव्हती. लेक मध्यरात्री उतरणार, आत्ता कुठे दिवेलागण होत होती. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. हिशेब त्याचा पक्का. पोचायची वेळ लेक सांगत होती, तर म्हणाला, ते माझ्यावर सोड. नऊ हजार किलोमीटरला त्यानं विमानाच्या वेगानं भागलं. दोन्हीकडच्या घड्याळांचा फरक धरला. मग रीतसर थांबे मिळवले. जेवणाचा एक, चहाचे दोन-तीन, इंजिन निववायचा एक. शिवाय शहरात शिरताना गर्दी लागतेच, ती वेगळी.

"वर ढगात चहाला कुठे थांबतात हो?" बायकोनं विचारलं.

"चालवतो तो माणूसच ना? त्याला पाठ नाही, पोट नाही?"

तिनं दुसरी बाजू करायला घेतली.

तेवढ्यात खाली टॅक्सी थांबली. बॅगेची चाकं जिन्याच्या पायरीपायरीवर आपटत वर येऊ लागली. शेजाऱ्यांकडे पाहुणे आलेले दिसतात, ड्रायव्हर म्हणाला. चाकं शेजाऱ्यांचं दार ओलांडून त्याच्याच दाराशी थांबली.

दार उघडंच होतं. डोक्याला रुमाल बांधलेली लेक उंबऱ्यात उभी.

बाप धडपडत उठला. डोकं एकीकडे अमावास्या, एकीकडे पौर्णिमा, आणि काळा ओघळ कानामागून मानेवर चाललेला. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि पोरीचे कपडे खराब होतील म्हणून तसेच मागे घेतले. तोंडून निघालं ते असं:

"कुठेच थांबली नाहीस का गं?"

"नाही बाबा. सरळ आले."

हसता हसता ती त्याच्या गळ्यात पडली. तिच्या गालाला कलप लागला, बापाचे डोळे वाहायला लागले, आणि आई दोघांना ओरडावं की कवटाळावं या विचारात वाटी घेऊन तशीच उभी.

मग लेकीनं डोक्यावरचा रुमाल सोडला. आईसमोर फरशीवर मांडी घातली, मान खाली केली. भांगाच्या दोन्ही बाजूंना रुपेरी केस दाटून आले होते.

"बाबांचं झालं," ती म्हणाली, "की माझा नंबर."